आरोग्यचिंतन : ‘ची’, प्राण आणि औषधाची बाटली

गुडघे धरले, पाठ आखडली की घरातील वडीलधाऱ्यांना सुचविल्या जाणाऱ्या उपायांची यादी अलीकडे बरीच वाढली आहे. पूर्वी तीत लेप, शेक, काढा आणि फार तर एखादा हाडवैद्य असे. आता सून अ‍ॅक्युपंक्चरच्या सुयांविषयी विचारते. व्यापारानिमित्त हाँगकाँग, ग्वांगझो, यिवू अशा ठिकाणी जाणारा मुलगा तेथून लेपपट्ट्या, गोळ्या आणि खोकल्याचे सरबत घेऊन येतो. बरोबर एक शब्दही येतो. ‘ची’. चिनी वैद्यकातील जीवनशक्ती ती हीच, आणि आपल्या शास्त्रातील प्राण तोही हाच, असे सांगून आजोबांची समजूत घातली जाते. शब्द जुळला की मन निःशंक होते. परंतु ज्या समाजात पाणी गाळून पिण्याचा आणि जिन्नस पारखून घेण्याचा संस्कार आहे, तेथे शब्दही पारखून घेतलेला बरा.

‘ची’ या शब्दाच्या रूढ चिनी लिपिचिन्हात दोन भाग दिसतात : वर उठणारी वाफ आणि खाली तांदूळ. शिजत्या भाताची वाफ असे त्याचे सोपे चित्र डोळ्यांपुढे आणता येते. डोळ्यांना जेमतेम दिसणारी, पण झाकण हलविणारी. अन्नापासून आणि श्वासापासून मिळणारी, देहात सतत वाहणारी, रक्ताला गती देणारी, अंगाला ऊब देणारी आणि बाहेरच्या रोगाला अडविणारी अशी ही शक्ती आहे, असे चिनी वैद्य मानत आले. जन्मतः आईवडिलांकडून लाभलेली ‘ची’ वेगळी आणि आहार-श्वासातून रोज कमावली जाणारी वेगळी, असाही भेद ते करतात. व्यापारी कुटुंबाला हा भेद समजण्यास अडचण पडू नये. एक वडिलोपार्जित भांडवल, दुसरी रोजची मिळकत.

या विचाराचा मूळ ग्रंथ ‘हुआंगदी नेइजिंग’, म्हणजे पीतसम्राटाचा आंतरग्रंथ. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी त्याची जुळणी झाली. सम्राट प्रश्न विचारतो आणि ची बो नामक वैद्य उत्तरे देतो, अशी त्याची संवादरचना आहे. राजा श्रेणिकाच्या प्रश्नांनी आणि गौतम गणधरांच्या उत्तरांनी चालणाऱ्या पुराणकथा ऐकत वाढलेल्या वाचकाला ही पद्धत परकी वाटणार नाही. या ग्रंथाचे आणि त्यानंतरच्या परंपरेचे म्हणणे थोडक्यात असे : देहात बारा मुख्य मार्ग आहेत, त्यांतून ‘ची’ वाहते, प्रवाह मोकळा असेल तर आरोग्य, तो अडला किंवा क्षीण झाला तर रोग. शीत आणि उष्ण, विश्रांती आणि चलन अशा परस्परपूरक जोड्यांना यिन आणि यांग ही नावे आहेत. या मार्गांवर ठरावीक बिंदू आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाण मानलेल्या यादीत त्यांची संख्या ३६१ आहे.

आता प्राणाकडे वळावे. जैन परंपरेत प्राण दहा सांगितले आहेत : पाच इंद्रिये, मन-वचन-काय ही तीन बले, श्वासोच्छ्वास आणि आयुष्य. एकेंद्रिय जीवाला त्यांपैकी चार, संज्ञी पंचेंद्रियाला दहाही. यांतील एकही प्राण देहातील नळ्यांतून वाहत नाही, सुईने वळविता येत नाही. हे द्रव्यप्राण कर्माच्या उदयाने जीवाला मिळतात आणि आयुष्यकर्म संपताच सुटतात. त्यांच्यामागे असलेली चेतना ही जीवाची स्वतःची. ‘ची’मध्ये मात्र जीव आणि पुद्गल असा भेदच नाही. चिनी विचारात दगड, मेघ, माणूस आणि मन ही सारी एकाच ‘ची’ची घन-विरळ रूपे ठरतात. तेव्हा आपल्या भाषेत सांगायचे तर चिनी वैद्य जिला ‘ची’ म्हणतो ती बहुतांशी पुद्गलाच्या कक्षेतील, देहाच्या कारभाराची गोष्ट आहे, आत्म्याची नव्हे. हवे तर तैजस शरीराच्या कल्पनेशी तिचे दूरचे साम्य पाहावे, पण एकरूपता मानू नये.

हा भेद केवळ पंडितांपुरता नाही. चिनी परंपरेत ‘ची’ साठविण्याचा, जपण्याचा, वाढविण्याचा खटाटोप दीर्घायुष्यासाठी आहे. चीगोंगमधील संथ हालचाली, उभे राहून केलेले श्वासाचे नियमन, ताई ची यांच्यामागे देहाचे पोषण हा हेतू आहे. कायोत्सर्गातही माणूस निश्चल उभा राहतो, श्वास मंद होतो, स्नायू सैल पडतात. पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतील. परंतु कायोत्सर्ग हा देहावरील ममत्व सोडण्याचा अभ्यास आहे आणि चीगोंग हा देह राखण्याचा. आयुष्यकर्माची मर्यादा वाढविता येत नाही, असे मानणाऱ्या श्रावकाने ताई ची करू नये असे मात्र यातून निघत नाही. वृद्धांचा तोल सुधारतो, पडण्याचे प्रमाण घटते, हे ताई चीविषयी चांगल्या अभ्यासांतून दिसले आहे, आणि वयाच्या सत्तरीत पडून खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय हे ज्या घरांनी अनुभवले आहे त्यांना त्याचे मोल सांगावयास नको. फक्त सामायिकाची अठ्ठेचाळीस मिनिटे त्यात मोजू नयेत.

असाच एक प्रकार मोबाइलवर फिरणाऱ्या ‘चिनी घड्याळा’चा. प्रत्येक अवयवाला दिवसातील दोन तास नेमून देणारी ही कल्पना चिनी वैद्यकात खरोखरच आहे. सकाळी सात ते नऊ जठराचे. त्यावरून रात्रिभोजनत्यागाला चीनने दुजोरा दिला, असे संदेश उत्साहाने पुढे पाठविले जातात. रात्रिभोजनत्याग हे जीवदयेचे व्रत आहे. सूर्यास्तापूर्वी जेवल्याने पचन सुधारत असेल तर उत्तमच. पण व्रताला परदेशी प्रशस्तिपत्र लागत नाही.

उपचारांपैकी बरेचसे नाव बदलून आपल्याकडेही होतेच. काचेच्या पेल्यातील हवा तापवून तो पाठीवर उपडा लावणे म्हणजे आपली तुंबडी. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या खांद्यांवरील गोल डागांमुळे ती जगभर नव्याने चर्चेत आली. दवण्याच्या कुळातील एका वनस्पतीचा वाळलेला लव जाळून बिंदूवर शेक देणे याला मॉक्सा म्हणतात. गावाकडे बिब्ब्याचा डाग देत, त्याचा हा सौम्य भाऊ. तुइना हे मर्दन. ग्वाशा म्हणजे गुळगुळीत कडेने त्वचा घासणे; त्यासाठीची पट्टी पूर्वी पुष्कळदा म्हशीच्या शिंगाची असे आणि आजही ती विकली जाते. दगडाची किंवा धातूची पट्टीही तेच काम करते, तेव्हा ती मागून घ्यावी.

सुयांची गोष्ट मात्र विस्ताराने पाहण्यासारखी आहे. पाश्चात्त्य जगात अ‍ॅक्युपंक्चरचे कुतूहल उसळले ते १९७१ च्या जुलैमध्ये. अमेरिकन पत्रकार जेम्स रेस्टन बीजिंगमध्ये असताना त्यांचे अपेंडिक्स दुखावले आणि तेथील रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. सुया टोचून, भूल न देता त्यांचे पोट उघडले, अशी दंतकथा आजही ऐकू येते. प्रत्यक्षात शस्त्रक्रिया नेहमीच्या भुलीच्या इंजेक्शनांनी झाली होती. नंतर पोट फुगून अस्वस्थता वाटू लागली तेव्हा सुया आणि मॉक्सा यांचा प्रयोग झाला आणि त्यांना आराम पडला. रेस्टन यांनी स्वतः एवढेच लिहिले होते. बाकीचे लोकांनी जोडले.

भारतात ही विद्या आली ती याच्या बारा वर्षे आधी, आणि तिच्या पाठीमागे सोलापूरच्या एका तरुणाच्या आठवणीचा धागा आहे. जपानी आक्रमणाच्या काळात चीनला मदत म्हणून १९३८ मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि बंगालचे डॉ. विजयकुमार बसू होते. कोटणीस तेथेच राहिले, रणांगणालगतच्या रुग्णालयांत अहोरात्र शस्त्रक्रिया करीत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तेथेच त्यांचे देहावसान झाले. त्यांचे वैद्यक पाश्चात्त्य शल्यक्रियेचे होते; सुयांशी त्यांचा संबंध जोडणे योग्य नव्हे. परंतु त्यांचे सहकारी बसू पुढे पुन्हा चीनला गेले, तेथे अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि १९५९ पासून कोलकात्यात ते करू लागले. पुढे देशात उभ्या राहिलेल्या काही अ‍ॅक्युपंक्चर केंद्रांनी कोटणीस यांचेच नाव धारण केले.

सुयांनी गुण येतो काय? याचे प्रामाणिक उत्तर थोडे अवघड आहे. मळमळीवर, विशेषतः शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर, मनगटाच्या आतील बाजूस तीन बोटे वर असलेल्या बिंदूचा उपयोग होतो, याला बऱ्यापैकी आधार आहे. जुनाट पाठदुखीसाठी जर्मनीत ११६२ रुग्णांवर एक मोठी तपासणी झाली; तिचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. एका गटाला शास्त्रोक्त बिंदूंवर सुया टोचल्या, दुसऱ्याला बिंदू सोडून भलतीकडेच वरवर टोचल्या, तिसऱ्याला औषधे-व्यायाम हा नेहमीचा उपचार दिला. सहा महिन्यांनी पहिल्या गटात सुमारे ४८ टक्के, दुसऱ्यात ४४ टक्के आणि तिसऱ्यात २७ टक्के रुग्णांना गुण आढळला.

हे आकडे जमाखर्चाच्या नजरेने पाहावेत. सुया नेहमीच्या उपचाराहून सरस ठरल्या, ही जमेची बाजू. पण योग्य बिंदू आणि भलता बिंदू यांत फारसे अंतर राहिले नाही. म्हणजे मार्ग, बिंदू आणि त्यांतून वाहणारी ‘ची’ यांचा जो नकाशा सांगितला जातो, त्याला या तपासणीने पाठबळ दिले नाही. आराम खरा, त्याचे स्पष्टीकरण संशयित. सुई टोचल्याने मज्जातंतूंत होणारी हालचाल, शांतपणे पडून राहण्याचा वेळ, आपुलकीने लक्ष देणारा चिकित्सक आणि रुग्णाची श्रद्धा यांचा वाटा त्यात किती, याचा हिशेब अजून चालू आहे. दुखण्यापुरता, जाणकाराकडून, एकदाच वापरून टाकून द्यावयाच्या निर्जंतुक सुयांनी हा उपचार घेण्यास हरकत नाही, असे म्हणता येते. छातीवर-पाठीवर सुई खोल गेल्यास फुफ्फुसाला इजा झाल्याची उदाहरणे आहेत, म्हणून जाणकार कोण हे पाहणे अगत्याचे. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आणि परिषद आहे. चिकित्सकाची नोंदणी विचारण्यात संकोच नसावा. गाठ, रक्तस्राव, अकारण घटणारे वजन, छातीतील कळ यांसाठी मात्र सुयांत दिवस घालविणे हा देहाशी केलेला प्रमाद ठरेल.

सुईत जीवहिंसेचा प्रश्न नाही. तो उभा राहतो औषधात.

चिनी औषधालयात शेकडो लहान खणांची भिंत असते. त्यांत मुळ्या, साली, फुले, बिया भरपूर असतात. आणि त्यांच्याच शेजारी गांडुळे, गोम, वाळवलेली पाल, समुद्रघोडा, हरणाचे कोवळे शिंग, बैलाच्या पित्ताशयातील खडा. नावे अशी की कळू नये. ‘दी-लोंग’ म्हणजे शब्दशः भूमीचा नाग, वस्तू गांडूळ. ‘अ-च्याओ’ हे स्त्रियांच्या अशक्तपणावर दिले जाणारे प्रसिद्ध औषध. ते गाढवाच्या कातड्यापासून केलेले सरस आहे, आणि त्याच्या मागणीपायी आफ्रिकेतील गाढवांची इतकी कत्तल झाली की २०२४ च्या फेब्रुवारीत आफ्रिकी संघाने या कातडीव्यापाराला बंदी घातली. अस्वलांना पिंजऱ्यात जखडून त्यांचे पित्त काढले जाते. वास्तविक त्यातील गुणकारी द्रव्य कारखान्यात तयार करता येते. वाघाचे हाड आणि गेंड्याचे शिंग चीनने १९९३ मध्ये औषधातून वर्ज्य केले. खवले मांजराचे खवले २०२० च्या अधिकृत औषधीसूचीतून वगळले गेले. हे खवले मांजर कोकणातल्या आणि सह्याद्रीतल्या जंगलांतही राहते, आणि त्या खवल्यांच्या बाजारापायी येथेही त्याची शिकार झाली आहे. परदेशातील एका गोळीचा धागा असा चिपळूणच्या डोंगरापर्यंत येतो.

मौज अशी की या प्रकाराला विरोध चीनमध्येच, तेराशे वर्षांपूर्वी झाला होता. सातव्या शतकातील थोर वैद्य सुन सिमियाओ यांनी आपल्या प्रख्यात संग्रहग्रंथाच्या आरंभी वैद्याचे आचरण कसे असावे याचे प्रकरण लिहिले. त्यात त्यांनी सांगितले, की एका जीवाला वाचविण्यासाठी दुसरा जीव मारणे हे जीवनापासून अधिकच दूर जाणे होय. जगण्याची आस माणसाला जेवढी तेवढीच प्राण्यालाही असते. म्हणून आपल्या योगांत जिवंत प्राणी वापरावयाचे नाहीत. जळवा वगैरे आधीच मेलेल्या, बाजारात विकावयास आलेल्या वस्तूंना त्यांनी सूट दिली. अंड्याविषयीही निरुपाय असेल तरच, अशी अट घातली. त्यांच्यावर बौद्ध आणि ताओ विचारांचा प्रभाव होता. जैन दृष्टीने या सवलती मान्य होणार नाहीत, पण त्या काळच्या त्या देशात एका वैद्याने हा प्रश्न स्वतःला विचारला, हे लहान नव्हे.

त्यानंतर सुमारे दोन शतकांनी, दक्षिणेत राष्ट्रकूट नृपती अमोघवर्ष नृपतुंग यांच्या राज्यात, उग्रादित्याचार्यांनी तो प्रश्न पूर्णत्वास नेला. त्यांचा ‘कल्याणकारक’ हा आयुर्वेदाचा ग्रंथ मद्य, मांस आणि मध वर्ज्य करून चिकित्सा सांगतो, आणि त्याला जोडलेल्या हिताहित प्रकरणात औषध म्हणूनही मांस का नको याची वैद्यकीय चर्चा आहे. ती राजसभेत, वैद्यांसमोर मांडली गेली होती. हिंसेची व्याख्याच आपल्याकडे प्राणांच्या वियोगावर उभी आहे. तेव्हा दुसऱ्याचे प्राण हरून स्वतःची प्राणशक्ती वाढविण्याचा व्यवहार उग्रादित्याचार्यांना वैद्यक म्हणून मान्य होणे शक्यच नव्हते. हा ग्रंथ वर्धमान पार्श्वनाथ शास्त्री यांच्या संपादनाने १९४० मध्ये सोलापुरातूनच प्रकाशित झाला, कोटणीस चीनच्या रणभूमीवर असताना. आज तो किती घरांत आहे, हा निराळा आणि थोडा अवघड प्रश्न.

वनस्पतिजन्य म्हटले म्हणजे सर्व निर्धोक, असेही समजू नये. १९९० च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन घटविण्याच्या उपचारात एका चिनी मुळीच्या जागी भलतीच, अ‍ॅरिस्टोलोकिया कुळातील मुळी आली आणि शंभराहून अधिक रुग्णांची मूत्रपिंडे कायमची बिघडली. बहुतेक साऱ्या स्त्रिया होत्या. दुसऱ्या बाजूस, चौथ्या शतकातील गे होंग यांच्या एका हस्तपुस्तिकेतील टिपणावरून सूत्र पकडून तू योयो यांनी हिवतापावरील आर्टेमिसिनिन शोधले आणि २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळविले. जुन्या टिपणात पाला पाण्यात भिजवून रस पिळण्यास सांगितले होते, उकळण्यास नव्हे. उष्णतेने गुण नष्ट होत असावा हे तू योयो यांनी ओळखले. परंपरेला प्रयोगशाळेत तोलून पाहिले तेव्हा तिच्यातील सोने हाती लागले. त्यात ‘ची’चा काहीच भाग नव्हता.

राहिला घरात आलेल्या बाटल्यांचा प्रश्न. घसा दुखल्यावर दिले जाणारे ‘पी पा कोआ’ हे दाट सरबत हाँगकाँग-सिंगापूरहून हमखास येते. त्यात मध असतो. चिनी औषधांच्या मोठ्या काळ्या गोळ्याही पुष्कळदा मधातच वळलेल्या असतात. कॅप्सूलचे आवरण बहुधा प्राणिज जिलेटिनचे. वनस्पतिज आवरण असल्यास तसे छापलेले असते. ‘कॉर्डिसेप्स’ नावाने ताकदीसाठी विकली जाणारी वस्तू हिमालयातील कीडाजडी असेल तर ती अळीच्या शरीरावर उगवलेली बुरशी आहे, अळीसकट. धान्यावर वाढविलेली त्याच कुळातील बुरशी वेगळी. जिनसेंगसारख्या मुळ्यांविषयी, सुंठ आणि ज्येष्ठमध यांना लावला जातो तोच नियम लावावा की अनंतकायाचा, हे आपापल्या गुरुमहाराजांना विचारून ठरवावे. संप्रदायांत याविषयी एकवाक्यता नाही.

भारतीय वेष्टनावरील हिरवा ठिपका परदेशातून थेट पिशवीत आलेल्या बाटलीवर नसतो. घटकांची यादी चिनी लिपीत असली तर मोबाइलच्या कॅमेऱ्याने तिचे भाषांतर क्षणात होते, आणि माल घेताना नमुना तपासणाऱ्या हातांना एवढे अवघड नाही. त्यातूनही उलगडा न झाल्यास तेथील दुकानदाराला, बिल करण्यापूर्वी, दोनच गोष्टी विचाराव्यात : यात कोणत्या प्राण्याचे काय आहे, आणि मध आहे का.